बुकिंग टेबल, नोंद ४: पंधरा मिनिटांचा घोळ

वस्तू ठरावीक वेळेसाठी राखून ठेवायच्या टेबलातलं डबल बुकिंग (एकच वस्तू एकाच वेळी दोघांना) एकदाचं बंद झालं. 'आधी सिलेक्ट, रिकामं दिसलं तर इन्सर्ट' हा जुना कोड उडवला. दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या की दोघींनाही जागा रिकामी दिसते आणि दोघीही बिनधास्त घुसतात. रीड कमिटेडवर, म्हणजे दुसऱ्याचं कमिट न झालेलं काम न दिसणाऱ्या नेहमीच्या पातळीवर, हे होणारच. आता पोस्टग्रेस या डेटाबेसचं एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (टेबलावरचा नियम) आहे: वस्तू_आयडी तोच आणि वेळेच्या रेंज एकमेकींवर चढलेल्या, अशा दोन ओळी टेबलात राहूच शकत नाहीत. या कन्स्ट्रेंटमागच्या जिस्ट इंडेक्सला आयडीची बरोबरी कळावी म्हणून बीट्री_जिस्ट एक्स्टेन्शन आधी चालू करा.

चाचणीला पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसच्या कमांड लाइनच्या) दोन खिडक्या, दोन्हींत बिगिन देऊन ट्रान्झॅक्शन सुरू. पहिलीत १० ते ११ टाकलं. दुसरीत १०:३० ते ११:३० टाकलं, तर प्रॉम्प्ट परत येईना, नुसता थांबलेला. पहिलीत कमिट मारलं आणि दुसरीत लगेच २३पी०१, म्हणजे हे कन्स्ट्रेंट मोडल्याचा एरर कोड. काय समाधान वाटतं ते बघून! हा कोड अ‍ॅपमध्ये पकडून 'ही वेळ नुकतीच गेली' असं दाखवायचं, ५०० (सर्व्हर एरर) नाही.

अडलं ते बफरवर. दोन बुकिंगांच्या मधे १५ मिनिटं मोकळी हवीत. सरळ वाट म्हणजे शेवटच्या वेळेत १५ मिनिटं मिळवून तेच एक्सप्रेशन कन्स्ट्रेंटला द्यायचं. पोस्टग्रेस ऐकत नाही: इंडेक्स एक्सप्रेशनमधली फंक्शनं इम्यूटेबल हवीत, म्हणजे तेच इनपुट दिलं की कायम तेच उत्तर देणारी. जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमांवरून आपोआप काढलेला) केला तर तिथेही तेच रडगाणं. १५ मिनिटं मिळवण्यात बदलण्यासारखं काय आहे? मेख अशी की टाइमस्टॅम्पटीझेडमध्ये (टाइमझोन धरणारी वेळ) इंटरव्हल (कालावधी) मिळवणारा ऑपरेटर एकच, आणि इंटरव्हलमध्ये '१ दिवस'ही येऊ शकतो. जिथे उन्हाळी वेळ पाळतात तिथे घड्याळ बदलायच्या तारखेला दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो, म्हणजे उत्तर सेशनच्या टाइमझोनवर ठरतं. म्हणून तो ऑपरेटर इम्यूटेबल नाही, स्टेबल (एका क्वेरीपुरतंच पक्कं उत्तर), मग तुम्ही नुसती मिनिटं का मिळवेनात.

स्वतःचं फंक्शन लिहून त्यावर इम्यूटेबलचा शिक्का मारायचा सल्ला सर्रास मिळतो. चालतं, पण ती डेटाबेसला मारलेली थाप आहे: उद्या कोणी त्यात दिवस मिळवले की इंडेक्स गुपचूप चुकणार. त्यापेक्षा हे बरं: शेवटच्या वेळेला अ‍ॅट टाइम झोन 'यूटीसी' लावून साधा टाइमस्टॅम्प करा, त्यात १५ मिनिटं मिळवा, पुन्हा अ‍ॅट टाइम झोन 'यूटीसी' लावून परत आणा. झोन नावानिशी दिला की तिन्ही पायऱ्या इम्यूटेबल. कन्स्ट्रेंट पहिल्या फटक्यात बसलं.

हे लिहिता लिहिताच आराखडा पुन्हा हलला. १५ हा आकडा प्रत्येक वस्तूला वेगळा असणार, आणि कन्स्ट्रेंटला दुसऱ्या टेबलातलं काही दिसत नाही. तेव्हा बुकिंगच्या ओळीतच बफर_मिनिटं हा कॉलम, बुकिंग होताना वस्तूवरून नकललेला. एकच माहिती दोन ठिकाणी नको म्हणणारे नॉर्मलायझेशनवाले नाक मुरडतील, पण उद्या वस्तूचा बफर बदलला तरी जुनी बुकिंगं जशीच्या तशी राहतात, ते जास्त मोलाचं.

बाकी खाचखळगे. रेंजची हद्द डावीकडे बंद, उजवीकडे उघडी ठेवा, नाहीतर बफर शून्य असताना ११ ला संपणारं आणि ११ ला सुरू होणारं बुकिंग भांडतील. सुरुवात आणि शेवट एकच असेल तर अशी रेंज रिकामी होते, आणि रिकामी रेंज कशावरच चढत नाही, म्हणजे कन्स्ट्रेंटमधून सटकते. त्यासाठी शेवट सुरुवातीहून मोठा असा चेक वेगळा. वस्तू_आयडी नल असला तरी ओळ सटकते, म्हणून नॉट नल. रद्द बुकिंगं कन्स्ट्रेंटच्या व्हेअरने वगळली. जुन्या डेटावर हे लावताना नॉट व्हॅलिडची (जुन्या ओळी न तपासता नियम लावायची) पळवाट नाही. आधी सेल्फ जॉइनने (टेबल स्वतःलाच जोडून) भिडणाऱ्या जोड्या शोधून निपटा.

टेबलांच्या आकृतीसाठी मर्मेडच (लिहिलेल्या मजकुरातून आकृती काढणारं टूल) ठेवलंय. मजकूर गिटमध्ये राहतो, डिफ वाचता येतो. माउसने खोके सरकवायच्या टूल्समध्ये तिसऱ्या बदलानंतर आकृती आणि मायग्रेशन (टेबलं बदलणाऱ्या स्क्रिप्ट) यांची फारकत होतेच. आकृतीत हे कन्स्ट्रेंट मात्र कुठेच दिसत नाही, तेव्हा टेबलाशेजारी कॉमेंट लिहा.

पुढचं काम: एकाच वस्तूचे ३ नग. कन्स्ट्रेंटला मोजता येत नाही, त्यामुळे 'संख्या' कॉलम रद्द, प्रत्येक नगाला स्वतःची ओळ आणि बुकिंग नगाला जोडलेलं. मोकळा नग निवडायची क्वेरी अजून लिहायचीय. २३पी०१ आला तर पुढच्या नगावर प्रयत्न, असा बेत आहे.