एफआरबींच्या घरांचे पत्ते : नोंद सहावी

मंडळी, एफआरबी म्हणजे फास्ट रेडिओ बर्स्ट, दूर अंतराळातून येणारा रेडिओ लहरींचा क्षणिक स्फोट. हे स्फोट जिथून येतात त्या जागा मी आकाशाच्या चित्रांत शोधतोय. मागच्या नोंदीत एफआरबी १२११०२ पाशी अडकलो होतो. पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या चित्रात त्या जागी काहीच दिसेना. दिसणार कसं? त्याची यजमान दीर्घिका (तो जिच्यात घडतो ती) २५व्या प्रतीची, म्हणजे फारच अंधूक, त्या सर्वेक्षणाच्या आवाक्याबाहेरची. २०१७ साली श्रीहर्ष तेंडुलकर आणि सहकाऱ्यांनी ८ मीटरच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून तिचा वर्णपट घेतला. ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय ते, त्यावरून अंतर कळतं) ०.१९३, आणि दीर्घिका अगदी बटू, नवे तारे जन्माला घालणारी. १२११०२ चं पान तिथेच मिटलं.

मग एफआरबी २०२००१२०ई घेतला. विषुवांश (आकाशातले रेखांश, हे तासांत मोजतात) ९ तास ५७ मिनिटं ५४.७ सेकंद. मी पठ्ठ्याने अंशांच्या रकान्यात ९.९६५ टाकलं आणि शर्मिष्ठेतली ताऱ्यांची गर्दी अर्धा तास न्याहाळत बसलो! तासांचे अंश करायला १५ने गुणायचं राहिलं होतं. १४९.४७८ टाकल्यावर मधोमध एक फिकट ठिपका. तोच पत्ता. ही दीर्घिकाही नव्हे, एम-८१ या दीर्घिकेचा एक गोलाकार तारकागुच्छ, तिच्या केंद्रापासून जवळपास २० आर्कमिनिटं (एक अंश म्हणजे ६० आर्कमिनिटं) लांब.

इथेच डोकं गरगरतं. वारंवार स्फोट करणारा एफआरबी म्हणजे तरुण मॅग्नेटार (प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन तारा), म्हणजे नुकत्याच मेलेल्या जड ताऱ्याचा अवशेष, असं आपण धरून चालतो. पण गोलाकार गुच्छात सगळे म्हातारे तारे. जड तारे अब्जावधी वर्षांपूर्वीच संपले. मग मॅग्नेटार आला कुठून? श्वेतबटू (सूर्यासारख्या मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) कोसळून किंवा दोन मृत तारे एकमेकांत मिसळून तो बनला असेल, असा एक अंदाज आहे. मला तो पटतो. सर्पिल दीर्घिकेतला एफआरबी १८०९१६ मात्र तारे जन्मणाऱ्या पट्ट्याला खेटून आहे. (याचेच १५ स्फोट आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपलेत.)

शनिवारी ८ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) घेऊन गावाबाहेर गेलो. सप्तर्षीतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ, तेवढीच पुढे वाढवली की एम-८१. शेजारी एम-८२ या दीर्घिकेची काडी. गुच्छ दिसायचा प्रश्नच नव्हता, पण १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरच्या त्या धूसर डागाच्या कडेला बराच वेळ नजर लावून बसलो. दव पडून आयपीस धुरकट झाली तेव्हा उठलो.

पुढचा एफआरबी २०२४०२०९ए, ताम्रसृती ०.१३८, एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या पार वेशीवर. वहीत वरच लाल पेनने लिहून ठेवलंय : तास की अंश?