अंदाजवहीचा चौथा महिना: ‘मस्ट’ सुटला, ‘शुड हॅव’वर गाडी थांबली

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा वहीत 40 वाक्यं होती, आज 112 झाली. नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. मी बेळगावात शहापूरला शिवणकाम करते. दिवसभरात कानावर पडलेला एक तरी अंदाज रात्री इंग्रजीत लिहायचा, हा माझा नेम. डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर दुसऱ्या दिवशी खरं काय निघालं ते. दुकानात अंदाजांना तोटा नाही. ‘तारेवर फांदी पडली असेल’, ‘काकू माहेरी गेल्या असणार’, ‘कापड आटलं असावं’.

असेल, असणार, असावं. पहिले दोन महिने मी तिघांनाही सरसकट ‘मे बी’ लावत होते, आणि वाक्यं पुळचट होत होती. गाठ सुटली ती कापडामुळेच. एक बाई ब्लाउज घट्ट झाला म्हणून आल्या. त्यांच्या सांगण्यावरून मी वहीत ‘इट माइट हॅव श्रंक’ लिहिलं असतं. पण मी टेप लावली. वहीतलं माप 36, कापड भरलं 35. आता माझ्याकडे पुरावा होता, म्हणून ‘इट मस्ट हॅव श्रंक’. तेव्हापासून माझा नियम असा: टेप लावून झाली असेल तर ‘मस्ट’, नुसतं ऐकलं असेल तर ‘माइट’ किंवा ‘मे’. तुमच्या धंद्यात टेपेच्या जागी काय आहे ते शोधा, वाक्य आपोआप बसतं.

याच सुमारास शेजारच्या अक्कांशी बोलताना एक गोष्ट सापडली, ती मला या चार महिन्यांतली सगळ्यात मोलाची वाटते. अक्का कानडी. कुणी आलंच असेल असं वाटलं की त्या ‘बंदिरबेकु’ म्हणतात. त्यातला ‘बेकु’ म्हणजे पाहिजे. ‘बरबेकु’ म्हणजे यायला पाहिजे, ‘बंदिरबेकु’ म्हणजे आला असावा. इंग्रजीतला ‘मस्ट’ हेच करतो: ‘ही मस्ट कम’ ही सक्ती, ‘ही मस्ट हॅव कम’ हा अंदाज. आणि आपली मराठी? ‘त्याने यावं’ आणि ‘तो आला असावा’. तोच ‘-आवा’ दोन्हीकडे! ‘बरबहुदु’ आणि ‘बंदिरबहुदु’ यांचंही तसंच, पहिल्यात परवानगी, दुसऱ्यात शक्यता, अगदी ‘मे’सारखं. ‘असेल’ हे तर भविष्यकाळाचं रूप, आणि दारावर थाप पडली की इंग्रजही ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतो. आपल्या गल्लीत दोन भाषा रोज हे करत असताना मी तिसरी भाषा परकी समजून घाबरत होते. सीमाभागात राहिल्याचा हा फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता.

एक चूक मात्र मोकळेपणाने नोंदवते, कारण ती तुमच्याकडूनही होईल. कॅम्पातल्या एक बाई फॉल-पिकोला साडी घेऊन आल्या. बोलण्यावरून त्या इथल्या वाटेनात. ‘तुम्ही बेळगावच्या नसणार’ म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं, ‘यू मस्टन्ट बी फ्रॉम बेळगाव’. त्या क्षणभर थबकल्या. ‘मस्टन्ट’ म्हणजे मनाई! बेळगावचं असू नका, असं मी त्यांना बजावलं होतं. ‘मस्ट’चा अंदाज उलटा करायचा तर ‘कान्ट’ घ्यायचा: ‘यू कान्ट बी फ्रॉम बेळगाव’. झालेल्या गोष्टीला ‘कान्ट हॅव’. ‘शी कान्ट हॅव लेफ्ट, हर अंब्रेला इज हिअर’. हे वाक्य मी वीसदा लिहिलं, आता विसरणार नाही.

आता फसलेल्या अंदाजांकडे. इथे माझं उजवं पान लाल शाईने भरलं आहे. ‘मला वाटलं पाऊस थांबेल’ याचं मी दर वेळी ‘आय थॉट द रेन विल स्टॉप’ करत होते. मराठीत मनात जे आलं ते तसंच्या तसं राहतं, ‘थांबेल’ला आपण हात लावत नाही. इंग्रजीत ‘थॉट’ मागच्या काळातला, म्हणून तो ‘विल’लाही मागे ओढतो: ‘आय थॉट द रेन वुड स्टॉप’. जुलैमधल्या बेळगावात या वाक्याचा सराव करायला वेगळी सवड काढावी लागत नाही. थांबला असेल म्हणून छत्री न घेता बाहेर पडले आणि थांबला नव्हताच, तर ‘आय थॉट इट हॅड स्टॉप्ड’.

अडलंय ते ‘शुड हॅव’वर. भाचा संध्याकाळच्या बसने खानापूरहून यायचा होता. आठ वाजता मी लिहिलं, ‘ही शुड हॅव रीच्ड बाय नाऊ’. मनात होतं, एव्हाना पोचला असेल, बसस्टँडवर चहा घेत असेल. नऊला बहिणीचा फोन आला, अजून पत्ता नाही. मी परत लिहिलं, ‘ही शुड हॅव रीच्ड बाय नाऊ’. तेच शब्द, पण आता अर्थ ‘पोचायला हवा होता’. मराठीत तो ‘होता’ सगळं सांगून टाकतो. इंग्रजीत बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे त्यावरूनच अर्थ ठरतो. म्हणून मी डाव्या पानावर आता वेळही टाकते आणि तेव्हा मला काय माहीत होतं तेही एका शब्दात. एक बारकावा: हा ‘शुड’ आपल्याला हव्याशा गोष्टीलाच शोभतो. ‘द रोड शुड बी क्लिअर’ बरोबर वाटतं, ‘द रोड शुड बी ब्लॉक्ड’ कानाला खटकतं.

उच्चारात ‘हॅव’ पूर्ण म्हणू नका, ‘मस्टव्ह’, ‘शुडव्ह’ म्हणा. ऐकताना तो ‘of’सारखा (ऑव्ह) वाटतो, लिहिताना तसा लिहायचा नाही.

पुढच्या महिन्यात ‘नीडन्ट हॅव’ घेणार आहे. पहिलं वाक्य तयार आहे: भाचा पावणेदहाला आला, वाटेत बस बदलावी लागली होती. ‘वी नीडन्ट हॅव वरीड’. बहिणीला हे वाक्य अजिबात पटलेलं नाही.