आमची वाटचाल : बेंचवर मोजलेला पंप

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या पार्टचं दुकानाला दुकान लागून आहे. त्यात जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप, म्हणजे इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा पंप, मोजून देणारं वर्कशॉप म्हणून आमचं नाव झालं. त्या नावाची किंमतही आम्ही मोजली.

मुंबईत ट्रॅक्टरचं काय काम, असं विचारणारे कांदिवली विसरतात. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ साली तिथेच सुरू झाली. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर आजही वाडा-मुरबाडकडच्या दोन-चार एकरांच्या खाचरांत चिखलणी करतो, आणि त्याचा पंप आमच्या बेंचवर, म्हणजे पंप फिरवून डिझेल मोजायच्या यंत्रावर, येतो.

प्लंजर म्हणजे पंपातला दट्ट्या, बॅरल म्हणजे त्याची नळी; ही एकमेकांवर लॅप केलेली, म्हणजे घासून जुळवलेली जोडी, तिलाच एलिमेंट म्हणतात. फट दोन-चार मायक्रॉनची, म्हणून एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात कधीच चालत नाही. प्लंजर उजेडात तिरका धरला की, झिजलेला असेल तर, डोक्याजवळ पोर्टसमोर, म्हणजे डिझेल आत येण्याच्या भोकासमोर, मळकट, ओरखडलेला पट्टा दिसतो. असा ट्रॅक्टर सकाळी थंड असताना चालू होतो, पण दुपारी गरम इंजिन स्टार्टरवर घेत नाही. पातळ झालेलं डिझेल त्या पट्ट्यातून मागे निसटतं आणि इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब बनत नाही. लोक मात्र बॅटरी बदलत बसतात.

एलिमेंट बसल्यावर फेजिंग, म्हणजे प्रत्येक सिलिंडरची डिझेल सुटण्याची वेळ जुळवणं. चार सिलिंडरला पंपाच्या कॅमशाफ्टच्या ९०-९० अंशांवर डिझेल सुटायला हवं, फरक अर्ध्या अंशाच्या आत. मग १०० स्ट्रोकचं डिझेल चारही नळ्यांत झेलायचं. एखादी नळी कमी-जास्त भरली, तर त्या एलिमेंटच्या स्लीव्हचा (प्लंजर फिरवणाऱ्या बाहीचा) दातेरी क्लॅम्प सैल करून स्लीव्ह किंचित फिरवायची, घट्ट करायची, पुन्हा मोजायचं. एक सुधारला की दुसरा तपासावाच लागतो. याला वेळ लागतो, आणि तो आम्ही लावतो.

हाच वेळ आमच्या मुळावर आला. बाजूच्या गल्लीत 'एक्स्चेंज पंप'वालं दुकान निघालं : जुना द्या, रंगवलेला तयार न्या, अर्ध्या तासात. ऐन मे महिन्यात, पेरणीआधीच्या घाईत, आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली. मिस्त्रींचे पगार थकले, बेंच विकण्याची बोलणीही झाली. ते पंप नंतर आमच्याकडेच उघडायला आले. बॅरल एका पंपाचा, प्लंजर दुसऱ्याचा, गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाची) स्प्रिंग भलत्याच मॉडेलची. एका सिलिंडरला जास्त तेल, दुसऱ्याला कमी. चिखलात लोड आला की काळा धूर आणि इंजिनाचा हेलकावा. तरी बाजारात 'वेळखाऊ' हा शिक्का आमच्यावरच बसला, आणि तो अजून सलतो.

त्या काळात वाड्याचे एक काका आमच्यासोबत राहिले. त्यांचा पंप गोणपाटात गुंडाळून यायचा, सोबत शेजाऱ्यांचेही. बेंच वाचला तो त्या कामावर.

आता न विचारता सांगतो. हंगाम संपला की टाकी काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दंव धरतं, ते पाणी खाली बसतं आणि पंपात गेलं की प्लंजर गंजून रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दातेरी पट्टी, जाम होतो. सेडिमेंट बाउलमधलं (गाळ-पाणी साचायच्या वाटीतलं) पाणी अधूनमधून काढा. गाळणी म्हणून साडीचं फडकं चालत नाही, धागे सुटतात.

पंप इंजिनावरून खोलण्याआधी फ्लँज (पंप इंजिनाला बसतो ती कड) आणि बॉडीवर छिन्नीची एकच सरळ खूण करा, पाइपांची तोंडं बंद करा. परत बसवताना पहिल्या सिलिंडरची डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि तिची स्प्रिंग काढून वाकडी नळी लावा. फ्लायव्हील इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरवा. डिझेलची धार तुटून थेंब थांबला, त्या क्षणी फ्लायव्हीलची खूण जुळली पाहिजे. मग एअर काढा : आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट. फिल्टरचा स्क्रू वगळून थेट नोझलला हात घातलात, तर बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारत बसाल.