बेंचमार्कचा शोध: पावसाळ्यानंतरची पहिली नोंद

गवत वाळायला लागलं तसा शोध पुन्हा सुरू केला. जुन्या रस्त्यावरच्या दगडी पुलापाशी, कठडा संपतो तिथे एक दगड सापडला. वर जी.टी.एस., खाली बी.एम., मधे कोरलेला चौकोन. अर्ध्या दगडाला शेंदूर. शेजारी गुरं राखणारे आजोबा म्हणाले, "म्हसोबा हाये, चपला काढा." काढल्या. शेंदूर होता म्हणूनच दगड टिकला. रस्ता रुंद करताना बिनदेवाचे दगड सरळ भरावात जातात.

नवीन मंडळींसाठी: बी.एम. म्हणजे बेंचमार्क, उंची मोजून नोंदवून ठेवलेली पक्की खूण. जी.टी.एस. म्हणजे १८०२ साली मद्रासला सुरू झालेला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, देशाची मोजणी. उंचीचं शून्य मात्र बऱ्याच नंतर, १९०९ मध्ये पक्कं झालं, तेही मुंबई, कारवारसह नऊ बंदरांत भरती-ओहोटी मोजून.

शब्दातला 'बेंच' बघायचा तर इंग्लंडमधल्या जुन्या भिंती बघाव्यात. भिंतीत आडवी खाच, खाली बाण. खाचेत लोखंडी कोन अडकवला की झालं बाकडं. त्यावर स्टाफ, म्हणजे आकडे मारलेली मोजपट्टी, उभा करायचा. आपल्याकडे स्टाफ थेट चौकोनावर टेकवतात.

ऑफिसात मात्र 'बेंचमार्क गाठा', 'बेंचमार्क मोडा' चालू असतं. मोबाइलवाले तर त्याचे स्कोअरच छापतात. साइटवर आयुष्य गेलेल्याला हे ऐकून गंमत वाटते. बीएम कुणी मोडला तर इंजिनिअर बोंबलत येईल! बीएमवर बॅकसाइट (म्हणजे माहीत असलेल्या उंचीवरचं पहिलं वाचन) घ्यायची, पुढचे आरएल (म्हणजे पुढच्या जागांच्या उंच्या) काढत जायचं, शेवटी फिरून तिथेच येऊन फरक किती पडला ते बघायचं. दगड उंचावर असो की खड्ड्यात, तो हलता कामा नये, एवढंच. सेन्सेक्सला बेंचमार्क म्हणतात, पण तो दिवसभर हलतो. माझ्या मते तिथला खरा बीएम म्हणजे १९७८-७९ साली धरलेला १०० चा पाया.

शेजारच्या नव्या पुलावर ठेकेदाराने लाल ऑइलपेंटने टीबीएम, म्हणजे तात्पुरता बेंचमार्क, मारलाय, आरएलसकट. दगडाची उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या नोंदीत असणार. ती मिळाली की मित्राचा ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणून दोन्ही ताडून बघणार आहे. स्टाफ धरायला कुणी येणार असेल तर कळवा. आणि फोटोसाठी शेंदूर खरवडू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं तशीही वाचता येतात.