आमची वाटचाल : बिलिंगपासून वॉर्डापर्यंत

हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर म्हटलं की आधी बिलिंग, कारण पैसे तिथे मिळतात. आम्हीही पुण्यात दोन खोल्यांत बिलिंग आणि फार्मसीच्या स्टॉकवरच तगलो. डॉक्टरांसाठी काही करावं असं ठरलं, तेव्हा मानववंशशास्त्र शिकलेल्या माझ्या भागीदार बाईंनी अट घातली: आधी वॉर्डात उभं राहायचं, कोड नंतर.

संगणकशास्त्रज्ञ याकोब बार्ड्राम यांच्या गटाने डेन्मार्कमधल्या रुग्णालयांत असंच काम न्याहाळलं होतं. त्यांचं म्हणणं, एका रुग्णाचं चालू काम संगणकाने एकत्र धरावं. ते मध्येच सोडता यावं आणि दुसऱ्या मशीनवर तिथूनच उचलता यावं. वाचताना ठीक वाटलं होतं, मेडिसिनच्या वॉर्डात ते पटलं.

एथिक्स कमिटीची परवानगी घेतली. रुग्णाचं नाव टिपायचं नाही, फोटो काढायचा नाही. रेसिडेंट डॉक्टरांना विचारलं की सगळे पुस्तकातला क्रम सांगायचे: हिस्टरी, तपासणी, ऑर्डर. प्रत्यक्षात केसपेपर अर्धा लिहून होतो तोच कॅज्युअल्टीचा कॉल येतो, सिस्टर विचारतात, ‘सर, सहा नंबरचं पोटॅशियम आलं का?’, दारात नातेवाईक थांबलेले असतात. या सगळ्यातून निभावतं ते अ‍ॅप्रनच्या खिशातल्या घडीच्या कागदावर. बेड नंबर, निदान, कुठला रिपोर्ट यायचाय, आज कुणाचा डिस्चार्ज. शेजारी चौकोन, झालं की टिक. संध्याकाळी ड्यूटीवाल्याला ओव्हर, म्हणजे रुग्ण सोपवणंही, त्यावरूनच. हा कागद एकाही मुलाखतीत आला नव्हता. सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं!

मग आम्ही तीच यादी फोनवर आणली. लॅबचा रिपोर्ट आपोआप रुग्णासमोर येतो, टिक अंगठ्याने होते, टायपिंग जवळजवळ नाही. वॉर्डातल्या एकुलत्या पीसीवर सगळे एकाच लॉगिनने काम करायचे, कारण दर वेळी पासवर्ड मारायला वेळ कुणाला? तिथे ओळखपत्र टेकवायची सोय केली. सकाळी यादीची प्रिंटही देतो. ‘पेपरलेस म्हणता आणि प्रिंट काढता?’ असं एका आयटी प्रमुखांनी सुनावलं. रेसिडेंटना मात्र तीच सगळ्यात आवडते, आणि माझ्या मते ते बरोबर आहेत.

विकणं अवघड गेलं, अजूनही जातं. वापरतो डॉक्टर, चेक देतं व्यवस्थापन. २०२१ मध्ये आरोग्य नोंदी डिजिटल करून जोडण्याचं सरकारी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून ‘आभा क्रमांकाशी जोडलंय का?’ (आभा म्हणजे त्या मिशनमधला रुग्णाचा आरोग्य-ओळख क्रमांक) हाच पहिला प्रश्न असतो. ते जोडल्यावर दारं जरा उघडू लागली. सध्या भागीदार बाई रात्रपाळीच्या सिस्टरांबरोबर औषधांच्या वेळा कशा पाळल्या जातात ते पाहताहेत. त्याचं सॉफ्टवेअर अजून सुरूही केलेलं नाही.