किमेशेकचा पांढरा : इस्माइलोवा अभ्यास, तिसरा महिना

तिसरा कॅनव्हास काल इझलवरून उतरवला. अजून पुरा नाही, पण किमेशेक, म्हणजे कझाक बायकांचं शिरोवस्त्र, आता डोक्यावर बसलाय. आधीच्या दोन्हींत तो चिकटवल्यासारखा दिसत होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: यंदा मी गुलफैरूस इस्माइलोवा या एकाच कझाक चित्रकर्तीचा अभ्यास करते आहे. जन्म 1929 चा, अल्माटीतला. 2013 साली त्या गेल्या. लेनिनग्राडच्या रेपिन इन्स्टिट्यूटमधून 1956 साली बाहेर पडल्या आणि पुढच्याच वर्षी ‘बोतागोझ’ चित्रपटात नायिका म्हणून पडद्यावर आल्या! 1970 च्या ‘किझ-झिबेक’चं कलादिग्दर्शन त्यांचं, आणि झिबेकच्या आईच्या भूमिकेतही त्याच. अल्माटीच्या अबाय ऑपेरा थिएटरच्या त्या कित्येक वर्षं मुख्य चित्रकार होत्या, म्हणजे नेपथ्य आणि वेशभूषा त्यांच्याकडे.

हे सगळं मी आधी नुसतं चरित्र म्हणून वाचलं होतं. त्यांनी काढलेल्या व्यक्तिचित्रांची सालं वहीत एकाखाली एक लिहिली तेव्हा चमकले. गायिका कुल्याश बायसेइतोवा 1957 साली वारल्या. ‘किझ-झिबेक’ याच नावाच्या ऑपेरातल्या नायिकेच्या भूमिकेतलं त्यांचं चित्र 1962 चं. दोंब्रा या कझाक तंतुवाद्याच्या वादक दीना नुरपेइसोवा 1955 साली, नव्वदी ओलांडून गेल्या. त्यांचं चित्र 1965 चं. म्हणजे दोघीही रंगवताना समोर बसायला नव्हत्या. माणूस नाही, तर त्याला उभं करणार कशातून? बैठकीतून, हातांतून, कपड्यांतून. रंगभूमीवर वेशभूषा करणाऱ्या बाईला हे जमणारच, असं मला वाटतं. पात्र तोंड उघडण्याआधी त्याच्या अंगावरचं कापड बोलतं, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होतं. एरवी कझाक वेशातल्या स्त्रियांची चित्रं पाहताना आपण नक्षीतच अडकतो. इस्माइलोवांच्या चित्रात मला आधी बाई दिसते, मग नक्षी.

दीनाबाईंचं चित्र जसंच्या तसं उतरवायचं नाही, हे मी पहिल्या महिन्यातच ठरवलं. पडद्यावरून रंग खरे कळत नाहीत. त्यापेक्षा किमेशेक म्हणजे काय ते हाताने समजून घ्यावं म्हटलं. विवाहित कझाक स्त्रीचं हे पांढरं शिरोवस्त्र. चेहऱ्यापुरती जागा मोकळी ठेवून डोकं, गळा, खांदे आणि छातीही झाकतं. दोन मीटर मांजरपाट आणला, धुऊन खळ काढली, कापून शिवला आणि आत्यांना घालून बसवलं. चेहऱ्याभोवतीची कड पहिल्यांदा सैल झाली होती, ती दोन बोटं आत घेतली. तेव्हा कुठे गालाचं हाड वर आलं.

पहिल्या दोन कॅनव्हासांवर टायटॅनियम व्हाइट थेट लावला होता. खडूसारखा मेला. या वेळी खाली बर्न्ट अंबरचा पातळ थर देऊन तो वाळू दिला. सावल्यांत अल्ट्रामरीन आणि किंचित यलो ओकर. आत्यांच्या मांडीखाली लाल सतरंजी होती, तिची झाक हनुवटीखालच्या घडीत चढली होती. ती मला तिसऱ्या बैठकीला दिसली, आणि रंगवली तेव्हा कापडाला वजन आलं. शुद्ध पांढरा आता फक्त कपाळाजवळ, नखाएवढ्या जागेत आहे.

हात मात्र फसले. दोंब्रा नव्हता, म्हणून भजनी मंडळातली एकतारी दिली. आत्यांनी ती सवयीने खांद्याशी उभी धरली. दोंब्रा मांडीवर तिरका असतो, त्याला दोन तारा असतात, उजव्या हाताची बोटं तारांवरून फिरतात आणि डावा हात दांडीवरच्या पडद्यांवर सतत सरकत असतो. दीनाबाई तरुणपणी नामवंत दोंब्रावादक कुर्मानगाझींकडे शिकल्या आणि पुढे स्वतः क्युय, म्हणजे शब्दांवाचून वाजवायच्या रचना, बांधू लागल्या. असा हात दांडीला नुसता टेकलेला असणं शक्यच नाही. दोंब्रावादनाच्या चित्रफिती थांबवून थांबवून डाव्या हाताची बावीस रेखाटनं केली आहेत. अंगठा दांडीच्या मागून कुठवर येतो तेवढंच अजून नीट बसत नाही.

रविवारी डावा हात खरवडून पुन्हा काढते. आत्यांनी येते म्हणून सांगितलंय. एका लांब पट्टीवर दोऱ्याने पडदे बांधून ठेवलेत, ती त्यांच्या हातात देणार.