दशांशचिन्ह गेलं कुठे?

रविवारी दांडिया बाजारातल्या घरी भाची लॅपटॉप घेऊन आली. "मावशी, साधं रिग्रेशन चालतं, रोबस्ट चालतच नाही." रिग्रेशन म्हणजे आकड्यांमधलं नातं दाखवणारी रेषा काढणं; रोबस्ट म्हणजे चुकार आकड्यांनी सहसा न बिघडणारी. तिच्याकडे तीन वर्षांची वीजबिलं, ३६ ओळी: युनिट आणि महिन्याचं सरासरी कमाल तापमान.

आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या आरएलएमने, म्हणजे रोबस्ट रिग्रेशनच्या फंक्शनने, 'सिंग्युलर' (एक रकाना दुसऱ्यातूनच निघतो) म्हणून हात वर केले होते. बाईसाहेबांनी तापमान सेल्सिअसमध्येही दिलं होतं आणि त्यावरूनच काढलेल्या फॅरेनहाइटमध्येही! साध्या रिग्रेशनचं एलएम अशा वेळी एका रकान्यापुढे गुपचूप एनए (उत्तर नाही) लिहून पुढे जातं. आरएलएम अडून बसतं, आणि मला तेच आवडतं. एक रकाना उडवला. मग २० फेऱ्यांत उत्तर स्थिरावलं नाही अशी तक्रार. मॅक्सइट, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, १०० केली, मिटलं.

पण रेषा जवळजवळ आडवी. बडोद्यात उन्हाळ्यात एसीचं बिल वाढत नाही? शक्यच नाही. मी वजनांचा रकाना उघडला: कोणत्या ओळीला ० ते १ मध्ये किती महत्त्व दिलं ते. ४१२ ऐवजी ४१२० युनिट लिहिलेल्या ओळीला ह्यूबरने (आरएलएमची नेहमीची वजन द्यायची पद्धत) अगदी नगण्य वजन दिलेलं, शाबास. मात्र तापमान ३८.४ ऐवजी ३८४ असलेल्या ओळीला पूर्ण १! उभ्या अक्षावरचा विक्षिप्तपणा ह्यूबर पकडतो. आडव्या अक्षावर इतका लांबचा बिंदू रेषेलाच स्वतःकडे ओढून घेतो, मग त्याचा रेसिड्युअल, म्हणजे रेषेपासूनचं अंतर, उरतोच किती?

मेथड बदलून 'एमएम' केली; ती अशा आडव्या अक्षावरच्या बिंदूंनाही सहसा बधत नाही. दोन्ही ओळींचं वजन शून्य, रेषा झकास चढती.

"म्हणजे एमएमच वापरायचं ना?"

"आधी ते दशांशचिन्ह जागेवर घाल, बये."